बुडू न देणारी पिशवी

शेवंताची पहिली दुर्बीण धरणाच्या पाण्यात पडली, तेव्हा काठावरचे नावाडी हसले. पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवणारी गावातली ती एकटीच बाई. "वहिनी, वल्हं मारणं येगळं आन् दुर्बीण सांभाळणं येगळं," असं तिचा दीर सर्जेराव सगळ्यांदेखत म्हणाला. ते तिला झोंबलं.

पुढे पक्षी बघायला येणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला आपली जुनी दुर्बीण दिली. ही पडली तरी बुडता कामा नये, असं शेवंताने ठरवलं. फाटक्या लाइफ जॅकेटातला फोम रेक्झिनच्या दोन थरांत भरून तिने जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने पिशवी शिवली. आत दुर्बिणीच्या वजनाचा दगड घालून ती पाण्यात सोडली. बुडाली. फोम वाढवल्यावर तरंगली, पण चेनमधून पाणी शिरलं. मग तिने चेन उसवली, पिशवीचं तोंड लांब करून त्याच्या तीन घड्या घातल्या आणि शिवणीवर पंक्चरचं सोल्युशन फासलं. सहाव्या खेपेला दगड कोरडा निघाला.

"झालं की! आता खरी दुर्बीण नका घालू," सर्जेराव म्हणाला.

"दगड वाचवायला शिवली का मी?" असं म्हणत तिने दुर्बीण आत ठेवली, होडी भर पाण्यात नेली आणि पिशवी सोडून दिली. पिशवी दिसेनाशी झाली. शेवंता होडीच्या कडेवरून वाकली. पण लगेच पिशवी उसळून वर आली. आतली दुर्बीण कोरडी ठणठणीत होती.

दुसऱ्या दिवशी सर्जेराव आपली दुर्बीण घेऊन दारात आला. "वहिनी, हिला बी एक शिवा."

"शिवते," शेवंता म्हणाली. "पण पाण्यात टाकायची तुम्ही, भावजी. तुमच्या हातानं."