बाकीची बडबड

आईची नजर गेल्यावर पियुषने तिच्या मोबाइलसाठी गोळ्यांच्या वेळा सांगणारा प्रोग्राम लिहिला. आवाज स्वतःचाच दिला. चुका सापडाव्यात म्हणून त्यात डिबग मोडही टाकला. तो चालू असला की प्रोग्राम आत काय चाललंय तेही मधूनमधून बोलून दाखवायचा. सगळं नीट चालतंय असं दिसल्यावर त्याने पुण्यात बसूनच तो मोड बंद केला.

संध्याकाळी कोराडीहून आईचा फोन आला.

"पियुष, तुझं ते गोळीवालं बिघडलं रे. नुसतं गोळीचंच बोलते."

"तेवढंच बोलाचं आहे, आई. बाकीची बडबड माझ्या तपासणीची होती. तुले काय कामाची?"

"काहून नाही? तो म्हणे, घड्याळ पाहून राहिलो, गोळीले टाइम आहे, वाट पाहून राहिलो." आई हसली. "मी म्हणो, मीबी."