शांताक्काचा दम

बब्रुवान मास्तर सॅक्सोफोन परत न्यायला आले होते. वाद्य त्यांच्या बँडचं होतं, त्यामुळं त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. अर्धा चहा पिऊन त्यांनी कप खाली ठेवला.

"गुरुवारी परंड्याला वरात हाय, गुंडप्पा. बार्शीचा एक वाजवणारा मिळालाय. बरा हाय."

गुंडप्पानं नुसती मान हलवली. मोटारसायकलवरून पडून त्याचे वरचे पुढचे दात गेले, त्याला दीड वर्ष झालं होतं. कवळी बसवली, पण सॅक्सोफोनचं तोंड तिच्याखाली धरलं की कवळीच निसटायची. सत्तावीस वर्षं वरातीच्या पुढं चाललेला माणूस आता तामलवाडीत आपल्याच ओसरीवर बाज धरून बसला होता. सॅक्सोफोनची पेटी आणायला तो उठला, तेवढ्यात त्याची बायको शांताक्का पेटी घेऊन बाहेर आली.

तिनं ती मास्तरांच्या पुढ्यात ठेवली नाही. आपल्याच पुढ्यात ठेवून उघडली.

"न्यायच्या आधी एकदा ऐका, मास्तर."

"कोण वाजवणार?"

"मी."

मास्तर गुंडप्पाकडं बघून हसले. गुंडप्पा हसला नाही.

शांताक्कानं सूर काढणारी बोरूची पातळ पट्टी, रीड, जिभेवर धरून ओली केली. ती बसवली, वरची बाकदार नळी जोडली, पदर कमरेला खोचला आणि पट्टा गळ्यात अडकवला. शिकवायला घेतल्यावर गुंडप्पानं पहिले तीन महिने तिला एकही चाल वाजवू दिली नव्हती. एकच सूर, दम संपेपर्यंत. सूर थरथरला की तो बाजेच्या लाकडावर टिचकी मारायचा, की पुन्हा पहिल्यापासून. आता तिनं खांदे सैल सोडले आणि देवीच्या गोंधळाची चाल धरली.

खालचे सूर भरदार निघाले. मास्तरांनी कपाकडं नेलेला हात तसाच मागं घेतला. चाल संपली.

"बसून समदेच वाजवतात, अक्का," ते म्हणाले. "वरातीत चालत वाजवावं लागतं. दोन दोन तास."

शांताक्का ओसरीवरून खाली उतरली. अंगणातून रस्त्यावर गेली. ऊन तापलेलं होतं. तिनं नाचाची चाल उचलली आणि पाराच्या दिशेनं चालू लागली. मास्तर मागोमाग निघाले. दारादारातून माणसं बाहेर आली. कुणीतरी "गुंडप्पा बरा झाला का काय?" असं म्हणत आला आणि शांताक्काला बघून तिथंच थबकला.

पारापाशी ती वळली, आणि एकदम सूर फाटला. खालच्या सुरांतून नुसती हवा फुसफुसली. ओसरीवर गुंडप्पा उठून उभा राहिला. शांताक्कानं लांबूनच हात दाखवला. बसा.

तिनं सॅक्सोफोन उन्हाकडं फिरवला, एकेक कळ बोटानं दाबून सोडली. बाजूची एक कळ सैल लोंबत होती. तिची बारीक स्प्रिंग तुटली होती, त्यामुळं कळेखालचं भोक उघडं पडलं होतं. ती समोरच्या दुकानात गेली, चहापत्तीच्या पुडीचं रबर मागून घेतलं आणि कळेवरून ताणून तिला दोन वेढे दिले. कळ घट्ट मिटली. तिनं सर्वांत खालचा सूर फुंकून बघितला. तो निघाला. मग जिथं चाल तुटली होती तिथूनच तिनं ती पुन्हा उचलली आणि वाजवत वाजवत घरापर्यंत आली.

दारात तिचा श्वास चढलेला होता, पण सूर शेवटपर्यंत सरळ राहिला.

"ऐन वरातीत असं झालं असतं तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर तिथंबी हेच केलं असतं. तुमच्या बार्शीवाल्यानं काय केलं असतं, त्याला इचारा."

मास्तरांनी टोपी काढून डोकं पुसलं. "वाजवण्यात खोट न्हाय. पण आपल्या बँडमधी आजवर बाईमाणूस न्हाय, अक्का. लोक काय म्हणतील?"

"लोकान्ला डोळे मिटून ऐकाया सांगा. बाई वाजवती का बुवा, वळखलं तर न्या वाद्य."

ओसरीवरून गुंडप्पा खाकरला. "मास्तर, माझ्यापरीस तिचा खालचा सूर मोठा हाय. मला कधी तसा निघाला न्हाय." एवढं बोलून तो दुसरीकडं बघू लागला.

मास्तरांनी खिशातून फोन काढला. बार्शीवाल्याला गुरुवारी येऊ नका म्हणून सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "न्हाय, गुंडप्पा न्हाय," ते शांताक्काकडं बघत म्हणाले. "शांताक्का म्हणून हायेत आमच्या." मग फोन ठेवून तिच्याकडं वळले. "चार वाजता. परंड्याच्या किल्ल्यापाशी. बँडचा कोट मोठा हुईल तुमाला."

"घालून बघते. न्हायतर टिपा घालून बारीक करते."

मास्तरांच्या गाडीचा आवाज लांब गेला. शांताक्कानं गळ्यातला पट्टा काढला. गुंडप्पानं सवयीनं सॅक्सोफोनला हात घातला आणि पेटीतला सुती कपडा उचलला.

"ठेवा," ती म्हणाली.

"अगं, लगेच पुसावं लागतं. आत वल राहिली तर कळांखालच्या गाद्या सडतात."

"म्हाईत हाय. वाजवलं कुणी?"

गुंडप्पानं कपडा तिच्या हातात दिला आणि बाजेवर थोडं सरकून तिला जागा करून दिली. शांताक्कानं सॅक्सोफोन उलटा केला. आतून पाण्याचे चार थेंब ओसरीच्या तापल्या शहाबादी फरशीवर पडले आणि दोघांच्या देखत वाळून गेले.