दहाचा तास

सहा वर्षांच्या भिंगरीने एकदा बाबांच्या मांडीवर बसून गाडी चालवायचा हट्ट धरला होता. बाबा ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. शिकणाऱ्यांवर खेकसायला लागले की दोन चौक पलीकडे ऐकू जायचं. ते म्हणाले, "अठरा पूर्ण झाल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही. त्या दिवशी मात्र दहाचा तास तुझा."

आज अठरा पूर्ण. मास्तरांनी सकाळीच गाडी धुतली, वहीत दहाच्या तासापुढे 'भिंगरी' असं लिहिलं आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

दहाच्या ठोक्याला बायको आली आणि थेट ड्रायव्हरच्या सीटवर बसली. वीस वर्षांच्या संसारात तिने गाडीची चावीसुद्धा कधी फिरवली नव्हती.

"अगं, हा तिचा तास आहे."

"म्हणूनच आले. पोरगी सातव्या वाढदिवसापर्यंतही राहिली नाही. निदान तिचा तास तरी वाया नको जायला. सांगा, क्लच कुठला?"

गाडीने दोन आचके दिले आणि सरळ जाऊन फाटकावर आदळली. एक दिवा फुटला. आता तोंडाचा पट्टा सुरू होणार म्हणून बायकोने डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने तिने एक डोळा उघडून मास्तरांकडे पाहिलं.

"अहो, ओरडा ना! आणि तुमच्या पायाशी पण ब्रेक आहे, तो का नाही दाबलात?"



"काय करू? बारा वर्षांपूर्वी तिला कबूल करून बसलोय. पहिल्या तासाला बाबांनी ओरडायचं नाही, आणि आपला ब्रेक तर मुळीच दाबायचा नाही."