कागद दिसता कामा नये

गंगव्वा स्टुलावर बसली होती, आणि बसलेली गंगव्वा म्हणजे गंगव्वाच नव्हती.

हे रत्नाबाईला कळायला अर्धाअधिक वेळ गेला. मातकट कागदावर तिनं पेस्टलच्या कांड्यांनी तांबडं लुगडं भरलं होतं, सावळा चेहरा बोटानं घासून गुळगुळीत केला होता, आणि निघालं होतं काय, तर भिंतीला टेकवून ठेवलेलं गाठोडं. मल्लेश्वरमच्या मुलींच्या शाळेत अठ्ठावन्न साली चित्रकलेची एकच जागा निघाली होती आणि परीक्षेला दोघं बसली होती. पलीकडच्या टेबलावर मद्रासला शिकून आलेला सुधींद्र. लोण्यावरून फिरावं तसं त्याचं बोट रंगावरून फिरत होतं.

"पेस्टल म्हणजे ब्रशाविना केलेलं पेंटिंग," परीक्षक त्रिविक्रम मास्तरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. "रेघा ओढायला पेन्सिल आहे. इथं कागद दिसता कामा नये."

रत्नाबाई चिकपेठेतल्या उमाजी शिंप्याची लेक. रेघेशिवाय तिला दुसरं येत काय होतं?

"अक्का, उठू का?" गंगव्वानं विचारलं. ती निपाणीकडची, शाळेची शिपाईण. "तास संपला बघा. माझ्याबिगर घंटा कोण मारणार?"

सुधींद्रनं कांडी खाली ठेवली आणि रुमालाला बोटं पुसायला घेतली. "स्वल्प, जरा लवकर या हं."

बाहेर व्हरांड्यात रुळाचा तुकडा टांगलेला होता. गंगव्वानं पदर खोचला, लोखंडी दांडा उचलला, आणि तिचा हात वर गेला. खांद्यातून गेला, कमरेतून गेला, टाचेतून गेला. ठेंगणी बाई बघता बघता उंच झाली. ठण्ण!

रत्नाबाईनं कागद उलटा केला.

"अहो बाई, हे काय?" त्रिविक्रम मास्तर धावत आले. "दुसरा कागद मिळणार नाही. अर्धा तास उरलाय."

"सरी, सर," तिनं कानडीत होकार भरला.

खालच्या बाजूचं लुगडं आता टेबलाला पुसलं जाणार होतं. माघारी जायची वाट राहिली नव्हती. तिनं निळी कांडी हातात घेतली. कापडावर खडूनं आखताना वडील म्हणायचे, रेघ एकच ओढ पोरी, दोन दिसल्या तर कात्रीनं ऐकायचं कुणाचं? पहिली रेघ टाचेपासून निघाली ती मनगटापर्यंत थांबलीच नाही. मग पदराची तांबडी. मग मानेची, दांड्याची. बारा-पंधरा रेघा, आणि बाकी सगळा मोकळा मातकट कागद.

दहा मिनिटं हातात होती. भरावं का थोडं? बोटं शिवशिवली. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि पुढची घंटा होईपर्यंत तशीच बसून राहिली.

मुख्याध्यापिका सत्यवतीबाई आल्या. मास्तरांनी आधी सुधींद्रचं चित्र पाहिलं. "सुरेख," ते म्हणाले, आणि ते होतंही सुरेख. मग ते रत्नाबाईच्या टेबलाशी आले.

"हे ड्रॉइंग झालं. मी पेंटिंग सांगितलं होतं."

"हो सर." ती उठून उभी राहिली. "बसलेली गंगव्वा भरता येते. उठली की भरायला ती जागेवर असते कुठं? तिला रेघच लागते."

"जरा सावली तरी द्या." मास्तरांनी अंगठा पुढं केला.

"नको सर!" तिनं आपला तळहात मधे घातला.

मास्तरांनी हात मागं घेतला. चार पावलं मागं सरले. दारापर्यंत गेले, तिथून बघत राहिले, परत आले.

"सत्यवतीबाई, कागद दिसता कामा नये असं मी म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंत."

"मला तो दिसलाच नव्हता. आत्ता मुद्दाम शोधला, तेव्हा दिसला." त्यांनी चष्मा काढला. "जागा यांची."

सुधींद्रनं पेटी मिटली. चित्राकडे एकदा बघितलं आणि हसला. "आणि मी तेव्हा बोटं पुसत होतो!"

गंगव्वा मागून पुढं आली. चित्रासमोर उभी राहिली. आपला उजवा हात तिनं उचलून पाहिला, उलटा-सुलटा केला, जणू कुणी आत्ताच तो तिच्या हवाली केला होता.

"वीस वरसं झाली, टीचरम्मा," ती म्हणाली. "मला वाटायचं, वाजतंय ते लोखंड."