श्वासाची जागा

तिसऱ्या ओळीला तिचा श्वास पुन्हा चुकला. हेडफोनमधला पियानो मात्र थांबायचा तिथे थांबला आणि पुढे निघून गेला. तो वाजवणारा तिचा नवरा जाऊन आठ महिने झाले होते.

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने पुन्हा घेऊ या, अशी खूण केली.

अल्बममध्ये दहा गाणी होती. सहा जुनी, सगळ्यांच्या ओठांवरची, नवऱ्याने जाझच्या अंगाने नव्याने बसवलेली. ती तिने आठवड्याभरात हातावेगळी केली. उरलेली चार त्याची स्वतःची. शेवटच्या वर्षात याच स्टुडिओत त्याने त्यांचा पियानो वाजवून ठेवला होता, पण तिला एक सूरही ऐकवला नव्हता. तयार झालं की देईन, एवढंच म्हणायचा. डॉक्टरांनी त्याच्या हृदयाबद्दल आधीच बजावलं होतं, त्यामुळे तीही खोदून विचारत नसे.

रेकॉर्डिस्ट त्याचा जुना मित्र. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं होतं, "तुम्हाला फक्त पियानो काढून देऊ ना?"

"त्यात आणखी काय आहे?"

"काही नाही. असंच," म्हणत तो वायर गुंडाळायला लागला.

त्या थांब्यांनी तिला जेरीस आणलं. वीस वर्षं त्याने तिला साथ केली होती. ती दोन ओळी एका दमात म्हणते, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी या प्रत्येक गाण्यात अर्ध्या ओळीवरच तो थांबत होता.

मग एका दुपारी तिला उमगलं. आपण नसताना गायला उभी राहिली की हिचा ऊर भरून येणार, दम पुरणार नाही, हे त्याने ओळखलं होतं. म्हणून तो जागा सोडून गेला होता. त्या दिवसापासून तिला तो खोलीतच असल्यासारखा वाटू लागला. पियानो सुरू होण्याआधी रेकॉर्डिंगमध्ये त्याचा एक बारीक उसासा ऐकू येई. ती मनातल्या मनात म्हणे, आलेच.

तिची धाकटी बहीण चष्म्याच्या दुकानात कामाला होती. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन यायची आणि काचेपलीकडे गप्प बसायची. तो गेल्यापासून ती हिच्याकडेच राहायला आली होती. दिवसकार्यापासून बँकेच्या सह्यांपर्यंत सगळं तिनेच निभावलं. पहिले काही दिवस तर हिला घासही तिनेच भरवला होता. रडताना मात्र तिला कुणी पाहिलं नव्हतं.

चौथं गाणं काही केल्या बसेना. डबा उघडता उघडता धाकटी म्हणाली, "ताई, ओळ संपायची वाट बघू नकोस. 'दार' म्हणायच्या आधीच श्वास घे."

जेवण झाल्यावर तिने तसंच केलं. गाणं एका फटक्यात बसलं.

तुला हे कसं कळलं, असं तिने बाहेर येऊन विचारलं.

"गाढवापुढे इतके दिवस गीता वाचतेयस. चार ओळी गाढवालाही येणारच की."

दोघी हसल्या. आठ महिन्यांत ती पहिल्यांदाच हसली होती. रेकॉर्डिस्ट मान खाली घालून बटणं पुसत राहिला.

अल्बम आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. जुन्या गाण्यांपेक्षा नव्या चारांचंच कौतुक जास्त झालं. या बाईची कुणीतरी वाट पाहतंय असं वाटतं, असं एकाने लिहिलं. 

मग तिने स्टुडिओतली नवऱ्याच्या रेकॉर्डिंगची मूळ डिस्क मागितली. इथेच राहू द्या, सुरक्षित राहील, असं रेकॉर्डिस्टने दोनदा सुचवलं. तिला त्याला एकट्याला ऐकायचं होतं, मध्ये स्वतःचा आवाज नको होता. ती डिस्क घेऊनच आली.

रविवारी सकाळी धाकटी भाजी आणायला बाहेर पडली, तेव्हा तिने ती लावली. प्रत्येक गाण्याच्या दोन फायली होत्या. एक तिच्या ओळखीची. तिने चौथ्या गाण्याची दुसरी उघडली.

पियानो सुरू झाला. आणि एक बाई गाऊ लागली.

आवाज न शिकलेला, पातळ. अर्ध्या ओळीवर तिचा दम संपला, आणि पियानो थांबला. तिने श्वास घेतला, पियानो पुढे निघाला. पुढच्या ओळीलाही तसंच. एकही थांबा वाया गेला नाही.

गाणं संपलं. फाईल चालूच होती. पियानोचं झाकण मिटल्याचा आवाज आला, मग नवऱ्याचं हलकं हसू, आणि तो म्हणाला, "ताईला काय सांगून आलीस?"