दाराएवढा चेक

"मला हा चेक नको."

रोशेलने हे चक्क माइकवर सांगितलं. 'आमेन' म्हणायला उघडलेली तोंडं उघडीच राहिली. पास्टर टिल्मन यांच्या हातात पुठ्ठ्याचा दाराएवढा चेक होता. त्याचं दुसरं टोक धरायचं सोडून ही पोरगी मागे सरली होती. आमच्या मिसिसिपीत 'नको' म्हणायची रीत नाही. चर्चच्या जेवणात फसलेलं पुडिंगसुद्धा आम्ही दोनदा वाढून घेतो.

हे पैसे चर्चच्या बायकांनी वर्षभर शनिवारी मासे तळून, ताटं विकून उभे केले होते. दरवर्षी गरिबाघरच्या एका पोराला ते कॉलेजसाठी मिळत; यंदा रोशेलचा नंबर होता. पोराने शिकावं, पण डोक्यावर कर्ज घेऊन नाही, एवढीच सगळ्यांची इच्छा.

पहिल्या बाकावरच्या मदर लुरीन ताडकन उठल्या. चर्चमधल्या वडीलधाऱ्या बाईला आम्ही मानाने 'मदर' म्हणतो; मासे तळायची कढई त्यांच्याच हातात असे.

"अगं ए, शिंगं फुटली का तुला? आमच्या पैशांना माशाचा वास येतो होय?"

"नाही हो, मदर!" रोशेल रडकुंडीला आली होती. "निम्मी फी कॉलेज माफ करतंय, निम्म्याचं कर्ज काढायचंय. पण बाहेरून बक्षीस मिळालं की कॉलेज आपल्या माफीतून तेवढेच कापतं. मी तिथे जाऊन विचारून आले. कर्ज जागच्या जागी राहतं. तुम्ही पैसे मला नाही, कॉलेजला देताय."

कोणाचा विश्वासच बसेना. पास्टरनी चेक भिंतीला टेकवून ठेवला.

"असं कसं होईल?" ते म्हणाले. "इतकी वर्षं देतोय आपण. एकाही पोराने कधी तक्रार केली नाही."

मदर लुरीन यांनी हळूच ऑर्गनकडे पाहिलं. तिथे त्यांचा नातू डेमेट्रियस बसला होता. काही वर्षांपूर्वी हाच मान त्याला मिळाला होता. आता तो दिवसा शाळेत शिकवायचा आणि संध्याकाळी गोदामात खोकी उचलायचा. तरुण रक्त आहे, कमावतोय दोन पैसे जास्तीचे, असं घरचे कौतुकाने सांगत.

"डेमी, तुझेही कापले होते?"

त्याने मान खाली घातली. मदर लुरीन मटकन बाकावर बसल्या.

"मग बोलला का नाहीस रे मेल्या?"

"कसं बोलणार, आजी? तू किती टाळ्या वाजवत होतीस."