पहिला घोट

"बाबा, शिंग तुमच्या हातात आलंय. आता आईचं नाव घ्या आणि प्या," शाल्मली म्हणाली.

डोक्यावरच्या, मेंदूला जोडलेल्या टोपामुळे दामोदरपंतांना शेकोटीभोवतीचं लाकडी दालन दिसत होतं. उत्तर युरोपातले प्राचीन नॉर्स लोक असंच बसून मधाच्या मद्याचं शिंग फिरवत आणि आपल्या मृतांचं नाव घेऊन घोट घेत. त्यावरून शाल्मलीने आठवणी जागवणारं हे ध्यान रचलं होतं. मेंदू ज्याची अपेक्षा करी, ते चित्र टोप पूर्ण करायचा. पण पक्षाघातानंतर दामोदरपंत बायकोचा चेहराच विसरले होते. फोटोतली बाई त्यांना परकी वाटे. आजवर प्रत्येक वेळी त्यांनी घोट घेतला आणि शेजारची जागा रिकामीच राहिली.

"इंदू," ते म्हणाले. पण शिंग तोंडाला न लावता त्यांनी डावीकडे धरलं.

"बाबा, प्या ना!"

"थांब गं. मध आहे यात. मला मधुमेह झाल्यापासून तुझी आई आधी चाखते, मगच मला देते."

ही पायरी शाल्मलीने रचलीच नव्हती. बाबांना दिसणारं सगळं दाखवणाऱ्या पडद्याकडे ती वळली. त्यावर आधी बांगड्यांचा एक हात शिंगाकडे आला, मग नाकातली चमकी, मग आईचा अख्खा चेहरा.

"अगं, पुरे! मला ठेव की थोडं," दामोदरपंत हसता हसता रडू लागले. "पोरी, फार उपकार झाले तुझे."

शाल्मलीने डोळे पुसले. "माझे कसले, बाबा? तुमच्या मधुमेहाचे माना."